बोल्टाला हीट नंबर आहे, आईच्या गुडघ्याला नाही

मी क्वालिटीत आहे, भोसरीला, ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका मध्यम कंपनीत, वीस वर्षं झाली. म्हणजे दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर आणि कानाशी प्रॉडक्शनवाल्यांची बोंब, "साहेब पास करा ना, गाडी उभी आहे खाली." सायन्सचा मी कुणी प्राध्यापक नाही, पण वाचायची खोड आहे, आणि त्यातही मटेरियलचं काही दिसलं की हातातला चहा गार होईपर्यंत वाचत बसतो. त्यामुळे गेली काही वर्षं ग्राफिन, टू-डी मटेरियल (म्हणजे एक-दोन अणूंच्या जाडीचे पत्रे), मेंदूत बसवायचे पातळ सेन्सर असलं काय काय येतंय ते बऱ्यापैकी फॉलो करतो. हे लिहायला बसलोय ते मात्र कौतुक करायला नाही, म्हणजे कौतुकही करणारच आहे, पण मधे एक गोष्ट घशात अडकलीये, ती म्हणजे शरीरात बसवायच्या मालाची धड नोंदच ठेवली जात नाही.

आधी ग्राफिन म्हणजे काय ते, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पोरीच्या शाळेत सायन्स एक्झिबिशन होतं तेव्हा आम्ही दोघांनी घरी करून पाहिलं. पेन्सिलीचं शिसं म्हणतो ते शिसं नसतंच, ते ग्रॅफाइट. एक 4बी पेन्सिल घेतली, कागदावर गच्च घासली, त्यावर सेलोटेप दाबून उचलला, काळा डाग टेपवर आला. मग टेप स्वतःवरच दुमडून परत उघडला, डाग जरा फिका झाला, परत दुमडला, परत उघडला, असं दहा-बारा वेळा. शेवटी राखाडी धुरकट असं काहीतरी उरलं, ते पोरीने भिंग लावून बघितलं आणि म्हणाली बाबा काहीच दिसत नाहीये. म्हटलं तेच तर. मँचेस्टरला आंद्रे गेम आणि कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव्ह यांनी साधारण हेच केलं, अर्थात पुढचं मोजमाप त्यांना जमलं आणि आमच्याकडे फक्त भिंग होतं. 2004 ला त्यांचा पेपर आला, 2010 ला फिजिक्सचं नोबेल. एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पत्रा, जाडी नॅनोमीटरच्या (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तिसऱ्या हिश्श्याइतकी. एक मिलिमीटर ग्रॅफाइटमधे असे जवळजवळ 30 लाख थर. मिठाईवरचा चांदीचा वर्ख आपण पातळपणाची हद्द समजतो, फुंकर मारली तर उडतो, त्यात पण अणूंचे शेकडो थर असतात. (वर्खावरून आठवलं, 2024 ला स्वीडनमधल्या लिंकोपिंगच्या लोकांनी सोन्याचा एका अणूच्या जाडीचा पत्रा केला, नाव ठेवलं गोल्डीन, आणि सोडवून काढायला जे केमिकल वापरलं ते जपानी लोहारांच्या जुन्या कामातलं. आपल्या सराफांना कळलं तर काय म्हणतील देव जाणे.)

पातळ आहे एवढंच असतं तर गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण वीज झकास वाहून नेतं, वाकतं, ताणतं, आणि सगळंच्या सगळं पृष्ठभागच आहे, आत असं काही नाहीच, त्यामुळे त्याच्यावर एखादा रेणू येऊन बसला तरी विजेत फरक पडतो. इथूनच ते वैद्यकात शिरतं. 2019 ला कॅलिफोर्नियात एक चिप बनवली, ग्राफिनच्या ट्रान्झिस्टरवर क्रिस्पर या जनुकांच्या तंत्रातलं कॅस-9 हे नेमकं जनुक शोधणारं प्रोटीन बसवलेलं, डीएनए त्यावर सोडला की डुशेन नावाच्या स्नायूंच्या आजारातला जनुकीय दोष पंधरा मिनिटांत कळतो, आणि डीएनएच्या लाखो कॉप्या करायची ती पीसीआरची भानगडच नाही. टेक्ससमधल्या ग्रुपने 2022 ला ग्राफिनचं गोंदण केलं, मनगटावर चिकटवायचं, आणि पाच तास ब्लड प्रेशर सलग मोजलं, दंडाला तो फुगणारा पट्टा न बांधता. आणि सगळ्यात मोठी बातमी माझ्या मते सप्टेंबर 2024 ची. मँचेस्टरजवळ सॅलफर्डच्या हॉस्पिटलात ब्रेन ट्युमरच्या ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या मेंदूवर ग्राफिनचे इलेक्ट्रोड ठेवले, जगात पहिल्यांदा. बार्सिलोनाच्या इन्ब्रेन नावाच्या कंपनीचे, आणि मँचेस्टर युनिव्हर्सिटीच्या ट्रायलमधे.

याच्यात कौतुक कशाचं वाटलं सांगतो. त्यांनी ते कायमचं बसवलं नाही. ट्युमर काढायला कवटी उघडणार होतेच, तेवढ्या वेळापुरतं ठेवलं, सिग्नल घेतले, काढून घेतलं. ट्रायल आठ-दहा पेशंटांची. आणि पहिला प्रश्न काय, तर ते सुरक्षित आहे का, एवढाच. आमच्याकडे याला फर्स्ट पीस इन्स्पेक्शन म्हणतात. नवीन डाय बसवली की पहिला पीस काढायचा, मापं घ्यायची, सही करायची, मग लॉट चालू. जो माणूस पहिला पीस न तपासता हजार पीस मारतो त्याला सुपरवायझर काय बोलतो ते इथे लिहिता येणार नाही.

बातमी मात्र कशी आली? मोबाइलवर मी तीन-चार ठिकाणी वाचली, "ग्राफिन चिपने मेंदूचे आजार बरे होणार." बरे कुठे होणार, अजून तर फक्त ठेवून बघितलंय. पुढे पार्किन्सनसाठी वापरायचा विचार आहे, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं पास करणाऱ्या खात्याने, ब्रेकथ्रू डिव्हाइस असं स्टेटसही दिलंय, पण ब्रेकथ्रू हे त्यांच्याकडे रांगेत जरा पुढे उभं राहायचं टोकन आहे, पास झाल्याचं सर्टिफिकेट नाही. एवढं एक वाक्य कुणी लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं.

आता खरा मुद्दा, आणि इथे माझं क्वालिटीचं डोकं चालायला लागतं. ग्राफिन ग्राफिन म्हणतो ते नक्की काय? भाकरी चांगली की वाईट असं कुणी विचारलं तर आपण विचारू ना, बाबा ज्वारीची की बाजरीची, ताजी की कालची, थापलेली कुणी. ग्राफिनचं तसंच आहे. एक थर, दोन थर, दहापर्यंत थर; कण केवढा, कडा कशा, वर ऑक्सिजन किती चिकटलाय, धुताना कुठला धातू मागे राहिलाय. प्रत्येकाचं शरीराशी वागणं वेगळं. 2018 ला सिंगापूरच्या लोकांनी जगभरातल्या 60 कंपन्यांकडून ग्राफिन म्हणून विकला जाणारा माल मागवला आणि तपासला. बहुतेकांच्या मालात खरं ग्राफिन दहा टक्क्यांपेक्षा कमी, आणि एकाच्याही मालात निम्मं नाही. बाकी काय होतं, तर बारीक केलेलं ग्रॅफाइट. म्हणजे पेन्सिल पावडर. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत हसलो, कारण आमच्या स्टोअरमधे असाच एक सप्लायर ईएन-8 च्या, म्हणजे जास्त कार्बनच्या मजबूत स्टीलच्या, नावाखाली साधं माइल्ड स्टील देऊन गेला होता, स्पार्क टेस्टला पकडला. पण तो माल शाफ्टमधे जाणार होता, कुणाच्या शरीरात नाही.

आणि याच्या उलट टोकाला ती भीतीवाली जमात. 2021 आठवा. लसीत ग्राफिन ऑक्साइड आहे, त्याने माणूस चुंबक होतो, दंडाला चमचे चिकटतात. आपल्या नाशिकच्या एका गृहस्थांचा व्हिडिओ जूनमधे सगळ्या चॅनलवर फिरला होता, अंगाला नाणी आणि चमचे चिकटवलेले. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा आमच्या शेजारच्या काकांनी दुसरा डोस दोन महिने लांबवला, खरंच लांबवला. लसीत ग्राफिन नव्हतंच, आणि असतं तरी त्याने चमचा चिकटला नसता, कारण ग्रॅफाइट लोहचुंबकाला ओढत नाही, उलट किंचित दूर ढकलतं. मजा म्हणजे हाच दूर ढकलायचा गुण पाण्यातही असतो, आणि तो वापरून त्याच आंद्रे गेम साहेबांनी जिवंत बेडूक चुंबकाच्या वर हवेत तरंगवला होता, त्याला 2000 साली इग नोबेल मिळालं होतं, म्हणजे हसवणाऱ्या संशोधनाचं. दोन्ही नोबेल मिळवलेला माणूस. हे काकांना समजावायला गेलो तर म्हणाले, म्हणजे बेडकालाही लस दिली होती का.

काकांना हसणं सोपं आहे. पण त्याच वर्षी कॅनडात काय झालं बघा. एप्रिल 2021 ला तिथल्या आरोग्य खात्याने ग्राफिन असलेले मास्क वापरू नका म्हणून सांगितलं, कारण कण श्वासातून फुप्फुसात जातील का याची माहिती कुणाकडे नव्हती, आणि हे मास्क तोपर्यंत शाळांमधे वाटून झाले होते. तीन महिन्यांनी, जुलैमधे, तपासून काही मॉडेल पुन्हा विकायला परवानगी दिली. कण सुटत नाहीत, धोका नाही, असं निघालं. चांगलंच झालं. पण क्रम बघा की. आधी विक्री, मग वाटप, मग शंका, मग तपासणी. आमच्याकडे असा क्रम लावला तर कस्टमर ऑडिटला येऊन आम्हाला लाल शेरा मारून जाईल. मीही त्या काळात मेडिकलमधून एक "नॅनो" लिहिलेला मास्क आणला होता, दुकानदाराला विचारलं नॅनो म्हणजे काय आहे यात, तो म्हणाला साहेब भारी आहे, घेऊन जा.

योग्य क्रमाने केलेलं कामही आहे, आणि त्याची बातमी जवळजवळ कुणी दिली नाही. फेब्रुवारी 2024 ला एडिंबरा आणि मँचेस्टरच्या लोकांनी 14 माणसांना, सगळे स्वतःहून तयार झालेले, अगदी शुद्ध आणि मोजून-मापून तयार केलेलं ग्राफिन ऑक्साइड हुंगवलं. एका इकडून तिकडे नेता येणाऱ्या खोलीत, मास्क लावून, सायकल मारत, दोन तास. खोली खास नेदरलँड्सहून आणलेली. फुप्फुसं, रक्तदाब, रक्तातल्या सुजेच्या खुणा, सगळं आधी आणि नंतर मोजलं. फार काही वाईट दिसलं नाही. रक्त गोठण्यात अगदी बारीकसा फरक असावा अशी शंका आली, तीही त्यांनी लपवली नाही, स्पष्ट लिहिली. मला ही 14 सायकलवाली माणसं त्या मेंदूवाल्या चिपपेक्षा मोठी वाटतात. पहिल्यांदा कुणीतरी माणसावर, कंट्रोलमधे, मोजून बघितलं. चौदाच माणसं आहेत, एकाच प्रकारचा माल आहे, थोडा वेळ आहे, हे सगळं खरं, पण वही उघडली गेली ना.

वही. याच्यावरच मला बोलायचंय, आणि त्यासाठी आईच्या गुडघ्याकडे यावं लागेल.

2016 ला आईचा उजवा गुडघा बदलला. चांगलं हॉस्पिटल, चांगले डॉक्टर, आई तीन महिन्यांत मंडईत चालत जायला लागली, तक्रार काही नाही. 2018 च्या शेवटी पेपरात त्या हिपच्या इम्प्लांटचं प्रकरण यायला लागलं, एएसआर नावाचं, जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचं. धातूवर धातू घासणारा खुबा, कोबाल्ट-क्रोमचा, घासून बारीक कण आणि आयन रक्तात उतरायचे, वेदना, आजूबाजूचं मांस सडणं, पुन्हा ऑपरेशन. कंपनीने ऑगस्ट 2010 ला जगभरातून माल परत बोलावला, जवळपास 93,000 लोकांच्या अंगात तो गेलेला. आई पेपर वाचून म्हणाली, अरे माझ्यात कुठलं आहे बघ रे. म्हटलं तुझा गुडघा आहे आई, हे खुब्याचं आहे. म्हणाली, ते कळतं मला, पण कुठलं आहे?

उत्तर नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं गुडघा बदलला, इम्प्लांट बसवला. बिल काढलं कपाटातून, त्यात लाखभर रुपयांची एक ओळ होती, "इम्प्लांट – 1 नग". नग! आम्ही बोल्ट पण नगावर घेत नाही. हॉस्पिटलात गेलो, रेकॉर्डवाले म्हणाले फाइल गोडाऊनला गेली, अर्ज द्या, अर्ज दिला, पंधरा दिवसांनी या, गेलो, मग म्हणाले ऑपरेशन नोट्सचं पान सापडत नाहीये. दोष एका माणसाचा म्हणत नाही, तो क्लार्क बिचारा खरंच शोधत होता, धुळीने शिंकत होता. पण प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात चार-पाच स्टिकर असतात, काढून चिकटवायचे, त्यावर रेफरन्स नंबर आणि लॉट नंबर असतो, हे मला नंतर कळलं. एक स्टिकर फाइलला, एक बिलाला. पेशंटच्या हातात एकही नाही.

आणि आमच्या कंपनीत? एक एम-10 चा बोल्ट, किंमत चार-पाच रुपये. त्याच्या खोक्यावर लॉट नंबर, लॉटवरून हीट नंबर (भट्टीच्या एका घाण्याचा नंबर), हीट नंबरवरून स्टील मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, त्यात कार्बन किती मँगनीज किती सल्फर किती. उद्या एखादी गाडी रस्त्यात बंद पडली आणि बोल्ट तुटलेला निघाला तर तासाभरात सांगता येतं की कुठल्या भट्टीतलं लोखंड, कुठल्या शिफ्टला बनला, त्याच लॉटचे बाकीचे बोल्ट कुठल्या गाड्यांत गेले. हे आम्ही फार सज्जन आहोत म्हणून नाही करत, कस्टमर करायला लावतो म्हणून करतो. गाडीच्या बोल्टाला कस्टमर मिळाला, गुडघ्याला नाही मिळाला.

त्या एएसआर प्रकरणात भारतात हेच घडलं. इथे साधारण 4,700 ऑपरेशनं झाली होती. केंद्राच्या समितीने शोधायला घेतलं तेव्हा त्यातल्या 3,600 च्या आसपास माणसांचा पत्ताच लागला नाही. कुणाच्या खुब्यात ते आहे, जिवंत आहेत का, रक्तात कोबाल्ट किती, काहीच नाही. महाराष्ट्राच्या एफडीएने तरी मागे लागून पोलिसांपर्यंत नेलं, हे श्रेय द्यायला हवं. समितीने किमान 20 लाख नुकसानभरपाईची शिफारस केली, पुढे रकमाही ठरल्या. पण भरपाई कुणाला द्यायची, माणूसच सापडत नाही तर?

तेच ऑस्ट्रेलियात बघा. तिथे 1999 पासून सांधे बदलल्याची राष्ट्रीय नोंदवही आहे, कुठलं मॉडेल कुणाला बसवलं आणि परत उघडावं लागलं का. तिने 2007 लाच दाखवलं की या मॉडेलची पुन्हा ऑपरेशनं जास्त होतायत, आणि डिसेंबर 2009 ला तिथून तो माल काढून घेतला, जगाच्या आधी. नवीन मशीन नव्हतं, एआय नव्हतं, नॅनो काही नव्हतं. वही होती. स्वीडनची गुडघ्याची वही तर 1975 ची. आपल्याकडे सर्जन मंडळींच्या संघटनेची नोंदणी आहे, ऐच्छिक, चांगल्या भावनेने चालवलेली, पण ऐच्छिक. सगळ्या हॉस्पिटलांना बंधनकारक अशी वही नाही. 2015 ला मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्रॅम सुरू केला सरकारने, गाझियाबादहून चालतो, त्यात उपकरणामुळे काही वाईट झालं तर कळवायचं. ठीक आहे, पण तिथे तक्रार येते तेव्हा मोजणी होते. किती जणांना बसवलं हा खालचा आकडाच नसेल तर वरच्या आकड्याला अर्थ काय, शंभरात पाच की लाखात पाच?

2017 ला गुडघ्याच्या किमतीवर सरकारने कमाल मर्यादा घातली, कोबाल्ट-क्रोमचा साधा गुडघा 54,720 रुपये. त्या वेळी टीव्हीवर काय गदारोळ, कंपन्या माल काढून घेतील, संशोधन थांबेल, आणि दुसरीकडून वा वा. किंमत रुपयापर्यंत ठरली. लॉट नंबर पेशंटच्या हातात पडतो का, यावर मात्र असा गदारोळ झाला नाही. 2017 च्या मेडिकल डिव्हाइस रूल्समधे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा नंबर द्यायची तरतूद आहे, जानेवारी 2022 पासून लागू व्हायची होती, लांबली.

आता कुणी म्हणेल, तुझ्या वहीचा आणि ग्राफिनचा संबंध काय, ते तर अजून लॅबमधे आहे. संबंध हा की कोबाल्ट-क्रोम हा जुना, ओळखीचा, शंभर वेळा अभ्यासलेला धातू, त्याने एवढा घोळ घातला. कारण डिझाइन बदललं, पृष्ठभाग बदलला, आणि अमेरिकेत तो जुन्यासारखाच आहे म्हणून माणसांवर ट्रायल न करता पास झाला. ग्राफिन, त्याच्यासारखंच पातळ मॉलिब्डेनम डायसल्फाइड, 2011 ला अमेरिकेत ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत निघालेलं मॅक्सीन, हे तर सगळं पृष्ठभागच आहे. इथे एका लॉटचा दुसऱ्या लॉटशी मेळ नसेल तर पाच वर्षांनी कुणाच्या मेंदूवर काय आहे हे लॉट नंबराशिवाय देवालाही सांगता येणार नाही. कार्बन नॅनोट्यूबचं (ग्राफिन गुंडाळल्यासारख्या बारीक नळ्या) उदाहरण आहेच, 2008 ला एडिंबराच्याच लोकांनी उंदरांत दाखवलं की लांब, ताठ ट्यूब कॅन्सर आणणाऱ्या अॅस्बेस्टॉससारख्या वागतात, आखूड आणि गुंतलेल्या तशा वागत नाहीत. मटेरियल एकच, लांबी वेगळी.

आणि स्टॉकहोमचं ते प्रकरण. कॅरोलिन्स्का, जिथले लोक मेडिसिनचं नोबेल कुणाला द्यायचं ते ठरवतात, तिथे 2011 ला पावलो मॅकियारिनी नावाच्या सर्जनने नॅनोकंपोझिट प्लास्टिकची श्वासनलिका माणसात बसवली, वर पेशंटच्याच स्टेम सेल लावून. जगभर वाहवा, लॅन्सेट या नामांकित मेडिकल जर्नलमधे पेपर. तिथे ऑपरेशन केलेले तिन्ही पेशंट पुढे दगावले. त्याच हॉस्पिटलातल्या चार डॉक्टरांनी तक्रार केली, तर संस्थेने आधी सर्जनलाच क्लीन चिट दिली. 2016 ला कुलगुरूंना राजीनामा द्यावा लागला, 2023 ला वरच्या कोर्टाने अडीच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच वर्षी लॅन्सेटने पेपर मागे घेतला. बारा वर्षं. हा माणूस खोटं बोलला हे झालंच, पण त्या चार डॉक्टरांकडे पेशंटच्या फायली होत्या, पेपरात लिहिलेलं आणि फायलीत लिहिलेलं त्यांनी शेजारी शेजारी ठेवलं, म्हणून तो सापडला. फायली गोडाऊनला गेल्या असत्या तर?

उशीर होईल, कागदपत्रं वाढतील, आपले पोरं मागे पडतील, चीन पुढे जाईल, हा आक्षेप मला मान्य आहे अर्धा. चीन पुढे आहेच, 2025 ला शांघायच्या फुदान युनिव्हर्सिटीने मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा 5,900 ट्रान्झिस्टरवाला प्रोसेसर दाखवला. आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतल्या तीसेक शास्त्रज्ञांनी टू-डी मटेरियलच्या चिपसाठी पाच वर्षांना 500 कोटींचा प्रस्ताव सरकारकडे दिलाय, द्यावेत ते पैसे, लवकर द्यावेत, मोबाइलच्या चिपमधे लॉट फसला तर मोबाइल फेकू. पण शरीरात जाणाऱ्या मालाचा उशीर मी वाया गेलेला वेळ धरत नाही. आपल्याच देशातलं उदाहरण आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा इन्स्टिट्यूटमधे डॉ. वलियाथन यांच्या टीमने हृदयाची झडप बनवली, ती डिसेंबर 1990 ला पहिल्यांदा माणसात बसवली. त्याच्या आधी दहाहून जास्त वर्षं गेली, तीन मॉडेलं फसली, मशीनवर किंवा प्राण्यांत नापास झाली, चौथं टिकलं. त्यात चकती कसली आहे माहितीये? पॉलिइथिलीन. बादल्या-डबे ज्या घराण्यातल्या प्लास्टिकचे होतात त्याच घराण्यातला एक जास्त दणकट भाऊ. "चमत्कारी पदार्थ" असं मी तरी कुठल्या बातमीत वाचलं नाही, आणि लाखाच्या वर लोकांच्या छातीत ती बसवून झालीये. त्या तीन फसलेल्या मॉडेलांची नोंद त्यांनी ठेवली म्हणून चौथं जमलं. आमच्याकडे रिजेक्शनचा लाल डबा असतो तसं, त्यातला पीस फेकायचा नसतो, टॅग लावून ठेवायचा असतो.

मग मागणी काय माझी? फार नाही. संशोधनाला पैसा यायला लागलाय, जुलै 2025 ला केंद्राने एक लाख कोटींची योजना मंजूर केली, चांगलं आहे. त्यातलं जे काही शरीराशी संबंध असलेलं असेल त्याला पैसा देताना मालाची तपासणी कोण करणार आणि पाच-दहा वर्षं पेशंटची नोंद कोण ठेवणार हे आधी लिहून घ्या, आणि त्याचे पैसे वेगळे काढा, उरले तर करू असं नको. पाषाणला एनसीएल आहे, सी-मेट आहे, दोन्ही सरकारी प्रयोगशाळा, तिथल्या लोकांना ग्राफिन बनवता येतं तसं ग्राफिन आहे का ते तपासताही येतं, पण तपासण्याचा पेपर मोठ्या जर्नलमधे छापून येत नाही आणि त्यावर प्रमोशन मिळत नाही, म्हणून हुशार पोरगी ते काम घेत नाही. हे बदलायला कायदा लागत नाही, समितीतल्या चार प्रोफेसरांना वाटायला लागतं. आणि दुसरं, इम्प्लांटचा नंबर आभा कार्डाला, म्हणजे सरकारच्या हेल्थ आयडीला, जोडा. चौदा आकडी नंबर ऑलरेडी देऊन ठेवलाय लोकांना, त्यात दिसतं काय तर सर्दीची चिठ्ठी. गुडघा, खुबा, स्टेंट, पेसमेकर, डोळ्यातली लेन्स, हे त्यात पहिलं यायला हवं होतं.

प्रायव्हसीचं काय, असं माझ्या मेव्हण्याने विचारलं, तो आयटीत आहे. प्रश्न बरोबर आहे, कुणाच्या छातीत पेसमेकर आहे हे इन्शुरन्सवाल्याला किंवा नोकरी देणाऱ्याला कळायला नको, त्याला कुलूप हवं. पण आत्ता तर माझ्या आईच्या गुडघ्यात काय आहे हे माझ्या आईलाच माहीत नाही, ही प्रायव्हसी जरा जास्तच झाली.

गेल्या मार्चमधे आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसरं हॉस्पिटल, दुसरे डॉक्टर. आदल्या दिवशी राउंडला आले तेव्हा मी म्हटलं, डॉक्टर, खोक्यातला एक स्टिकर मला हवाय. ते आधी समजलेच नाहीत, मग हसले, म्हणाले तुम्ही मेडिकलमधे आहात का. म्हटलं नाही, बोल्टांमधे. दुसऱ्या दिवशी ओटीतून सिस्टर बाहेर आल्या, हातात एका गॉजच्या पाकिटाच्या मागे चिकटवलेले तीन स्टिकर, फीमरचा (मांडीच्या हाडाकडचा), टिबियाचा (नडगीच्या हाडाकडचा) आणि मधल्या प्लास्टिकचा. रेफरन्स नंबर, लॉट नंबर, एक्स्पायरी. मी तिथेच फोटो काढला, पोरीला पाठवला, तिने उलट विचारलं की मधलं प्लास्टिक कुठलं. बघितलं, पॉलिइथिलीन.

आई शुद्धीवर आल्यावर दाखवले तर म्हणाली, हे काय करायचेत. म्हटलं जपून ठेवायचे. म्हणाली, मग बँकेच्या पासबुकात ठेव, कपाटात ठेवलेस तर दिवाळीच्या सफाईत जातील.

पासबुकातच आहेत. उजव्या गुडघ्याचा अर्ज मी परवा परत दिलाय.